बारा दिवसांची बाटली

मानसिंगने ग्लास नाकाशी नेला आणि देवाप्पाने टेबलाची कड घट्ट धरली.

कँटोनमेंटमधलं ते हॉटेल सकाळी रिकामं होतं. मानसिंग तिथला मॅनेजर. देवाप्पा आनेकल गावचा शेतकरी, त्याची दीड एकर निळी द्राक्षं. शेजारी त्याची बायको कमला, पहाटेच्या मोटारीत बाटली मांडीवर धरून आलेली. बाटलीला बूच नव्हतं, पांढरं फडकं बांधलेलं होतं.

द्राक्षं आंबट, जाड सालीची. बाजारात कोणी घेईना. तेव्हा दोघांनी घरीच वाइन केली, चार पिंपं. मानसिंगला ती आवडली होती, पण त्याने अट घातली. साहेब लोक जाऊन दहा वर्षं झाली. आताचं गिऱ्हाईक एखादा ग्लास मागतं आणि बाटली दहा-बारा दिवस उघडी पडते. "बाटली उघडा आणि बारा दिवसांनी घेऊन या. चव टिकली तर चारही पिंपं माझी."

नाही टिकली तर काय, ते देवाप्पाच्या थोरल्या भावाने सांगून ठेवलं होतं. सोमवारी वेली उपटायच्या आणि रागी पेरायची.

कमलाला काळजीच नव्हती. घरात वाइन कोणी पीत नव्हतं. सगळी परीक्षा वासावर. तिने बाटली डोशाच्या पिठासारखी जपली. चुलीजवळ उबेला ठेवली, वारा लागावा म्हणून फडकं बांधलं, रोज सकाळी हलवली. "अहो, आज कालच्यापेक्षा जोर आहे!" बाराव्या दिवशी वास असा चढला की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती हसत सुटली. देवाप्पाही हसला.

मानसिंगने घोट घेतला. त्याचं तोंड वाकडं झालं. तो धावत जाऊन खिडकीबाहेर थुंकला.

"अय्यो! हुळी! पार आंबट!"

"हुळी आली?" कमला आनंदाने उडालीच. "बघा! मी म्हणत नव्हते? चुलीपाशी ठेवली, मग येणारच!"

"चुलीपाशी? अक्का, हे काय डोशाचं पीठ आहे? पीठ आंबलं की तयार होतं. वाइन आंबली की मेली!"

कमलाचा हात तोंडावर गेला.

"बूच मीच काढून दिलं होतं," देवाप्पा घाईने म्हणाला. "चूक माझी. आणखी बारा दिवस द्या, साहेब."

"नाताळ तोंडावर आलाय. दुसऱ्या व्यापाऱ्याला आज होकार द्यायचाय मला." मानसिंगने बाटली वेटरच्या हातात दिली. "मोरीत ओत."

दोघं उठली. पायरीपाशी कमला थांबली. मग म्हणाली, "वेली मी उपटणार नाही. थोरल्या दादांनाच उपटू दे."

तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार धाडकन उघडलं. मुख्य आचारी परसू बाटली उंच धरून धावत आला. त्याचं एक बोट ओलं होतं.

"थांबा! थांबा! ही कुणाची?"

"माझी," कमला खाली बघत म्हणाली. "चुकलं, अण्णा."

"चुकलं? अहो, वर्षभर मी व्हिनेगर म्हणून पाणी वापरतोय! मटणाला लावा, कांद्यावर घाला, काही लागतच नाही. आणि ही! एक थेंब जिभेवर ठेवला तर कान गरम झाले! मॅनेजर, नाताळचं मटण, सालभराची लोणची, सगळं हिच्यात करतो. किती आहे तुमच्याकडे?"

"चार पिंपं," देवाप्पा पुटपुटला.

"चारही घ्या, मॅनेजर! कमीच पडतील!"

मानसिंगने परसूकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं. बोट बुडवून पुन्हा चाखलं. या वेळी थुंकला नाही.

"सरी, ठरलं," तो म्हणाला. "चारही घेतो."

कमलाने देवाप्पाचा दंड पकडला. त्याचा चेहरा मात्र उतरला होता.

"पण साहेब, ती पिंपं आम्ही गच्च बंद केलीत. त्यात अजून वाइनच आहे."

"मग उभे काय राहिलात?" परसू ओरडला. "पळा! झाकणं काढा!"