धुतलेली गाडी

गोरखची व्हॅन जॅकवर चढली, मुनाफ मिस्त्री पाठीवर घसरत खाली शिरला आणि खालूनच ओरडला, "या अल्लाह! शेठ, ही चालवत आणली की उचलून?"

गोरखला ते मुळीच आवडलं नाही. एक तर एकवीरेच्या वाटेवर निघून पनवेलच्या या गॅरेजात अडकून पडलेला. त्यात शेजारीच कल्पेशची व्हॅन उभी, अगदी ठणठणीत.

कल्पेश म्हणजे धाकटा भाऊ. दोघांच्या व्हॅन एकाच दिवाळीत घेतलेल्या, एकाच शोरूमच्या, रंगही एकच. मोरा बंदरावरून मासळी आणि माणसं वाहून दोन्ही उभा जन्म पळाल्या होत्या. कल्पेशची तर जरा जास्तच. पण त्या पठ्ठ्याला गाडीची काडीची पर्वा नाही. मागच्या काचेवर एवढी धूळ की पोरांनी बोटानं मासा काढून ठेवलेला. महिन्याकाठी दारातल्या नळाचा पाइप मारला की झालं. आणि तरी त्यांची आई गंगाबाई कुठं जायचं म्हटलं की त्याच मळक्या गाडीत चढायची. अलीकडे तर बाजारालासुद्धा. शेंडेफळ ना ते! गोरखच्या पोटात दुखायचं, आणि असं दुखायचं की ताटातला भात ताटातच राहायचा. यंदा त्यानं आईचे अक्षरशः पाय धरले तेव्हा कुठं ती त्याच्या व्हॅनमध्ये बसली. आणि गव्हाण गाव सुटतं न सुटतं तोच खालून खडखड सुरू झाली.

आता गंगाबाई एका जुन्या टायरवर बसली होती, देवीच्या ओटीची पिशवी मांडीवर घेऊन. कल्पेश बायकापोरांना चहा पाजायला समोर गेला होता.

मुनाफनं स्क्रू ड्रायव्हर चासीच्या सांगाड्यावर टेकवून दाबला. खारी बिस्किटात बोट जावं तसा तो लोखंडात गेला. तपकिरी पापुद्रे मुनाफच्या छातीवर पडले.

"चासी खलास, शेठ. इंजिन मस्त आहे, अजून पळेल. पण खाली अंगच राहिलं नाही. यात माणूस बसवू नका. आईला तर बिलकुल नको."

"कशी खलास?" गोरख तडकला. "त्याची बघा ना! तेवढ्याच वयाची हाय. तो हात लावत नाय, आणि मी रोज धुतो, रोज! धक्क्यावर, भरतीच्या पाण्यानं. वरून धुतो, खालून धुतो. बादल्यांवर बादल्या!"

मुनाफ सरपटत बाहेर आला. "समुद्राच्या पाण्यानं?"

"मग? बापानं होडी तशीच जपली आमची. गोड्या पाण्यानं लाकूड कुजतं, खाऱ्यानं टिकतं. होडीत पावसाचं पाणी साचलेलं दिसलं तर बाप हात उगारायचा."

"होडी लाकडाची असते, शेठ," मुनाफ म्हणाला आणि हात पुसू लागला.

गोरखच्या डोळ्यांपुढं त्या सगळ्या बादल्या आल्या. कल्पेश अंथरुणात घोरत असायचा आणि हा कमरेपर्यंत भिजून गाडी चोळत असायचा. कुणासाठी? धाकट्याची मळकी नि थोरल्याची चकचकीत, एवढं आईला दिसावं म्हणून. आणि आता त्या आळशाची गाडी शाबूत! काय म्हणायचं या नशिबाला?

मुनाफ पुन्हा खाली गेला. मागच्या सीटपाशी त्यानं एक टोचा मारला, तर भोकातून पांढरे मणी भुरभुरले. "थर्माकोल? गाडीत?"

गोरखनं दार उघडून मॅट उचलली. पत्र्याला ताटाएवढं भोक पडलेलं. त्यावर मासळीच्या पेटीचं झाकण घट्ट बसवलेलं, आणि झाकणावर घडी घातलेलं जुनं हिरवं लुगडं. लुगडं त्यानं लगेच ओळखलं.

"आये, हे तू लावलंस?"

गंगाबाईनं उगाचच पदर सारखा केला. "हां."

"कवा?"

"गेल्या शिमग्याला. पाय आत गेला माजा. खाली रस्ता पळताना दिसला, रे. तवापासून कल्पेशच्या गाडीत बसते."

"मग सांगायचं नाय?"

"काय सांगू? रोज तिला लेकीसारखी न्हाऊ घालतोस. बोलले असते तर म्हणाला असतास, धाकट्याची ती चांगली नि माजीला नावं ठेवते. तुजं पोट कशानं दुखतं ते मला ठावं नाय काय?"

गोरखनं पुन्हा त्या भोकाकडं बघितलं. "आणि आज कशी बसलीस मग?"

"पाय वर घेऊन."

आई आपल्याला परकं समजत नव्हती हे कळून त्याला बरं वाटायला हवं होतं. वाटलंही. पण तेवढ्यात कल्पेश आला, खालचे पापुद्रे बघून चुकचुकला आणि म्हणाला, "जाऊ दे, दादा. माझ्या गाडीत चल." हे 'माझ्या गाडीत' गोरखच्या काळजात काट्यासारखं रुतलं.

सगळे दाटीवाटीनं बसले. गंगाबाई पुढं, तिच्या मागं गोरख. पनवेल मागं पडलं. पोरांनी देवीचं गाणं धरलं.

गोरखनं चप्पल काढली. पाय हळूच मॅटखाली सरकवला आणि टाच पत्र्यावर दाबली. एका कोपऱ्यात दाबली, मग दुसऱ्या. मग जरा जोरानं. पत्रा ठण् वाजला.

गंगाबाईनं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"शोधू नको, गोरख्या," ती म्हणाली. "हितं नाय."