वासाची तक्रार

नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे तिघंजण बाकावर बसून होते. डॉक्टरांचा पत्ता नव्हता. अशा वेळी माणसं आधी आजार सांगतात, मग पगार सोडून बाकी सगळं.

पहिला चहा चाखणारा. "रोज दोनशे कप. घोट घ्यायचा, तोंडात घोळवायचा, थुंकायचा. घरी बायकोनं दिलेला चहाही परवा चुकून थुंकलो. अजून अबोला आहे."

शेजारची बाई बाहुल्यांच्या कारखान्यात होती. "मी डोक्यात केस ओवते. दिवसाला चाळीस टकल्या येतात, वेण्या घालून जातात. केस जाऊन जाऊन माझं नाक कायमचं चोंदलंय. आणि तुम्ही हो?"

नोकरीबद्दल अवाक्षर काढायचं नाही, असं ठरवूनच तिसरा गावाच्या या टोकाला, अनोळखी डॉक्टरकडे आला होता. पण तोंडावर विचारल्यावर त्याला खोटं बोलता येईना. "गॅस कंपनीत आहे. वासाची तक्रार आली की घरी जाऊन हुंगायचं, गळती कुठंय ते सांगायचं. सगळे मला नाकवालाच म्हणतात."

"म्हणजे लोकांच्या घरात नाक खुपसायचा पगार!" चहावाला खदखदून हसला. "त्याला यंत्र नसतं?"

"असतं. मी कधी नेलं नाही. सव्वीस वर्षांत नाक चुकलं नव्हतं."

बाई सावरून बसली. "अगंबाई! गेल्या आठवड्यात पाण्याच्या टाकीमागच्या बिल्डिंगीत तुम्हीच आला होतात? सासूबाई अजून म्हणतात, वास येतोय. मला या नाकाला काय कळणार? मीच दटावलं त्यांना. म्हटलं, कंपनीचा माणूस हुंगून गेला, तुमचं नाक काय त्याच्याहून मोठं?"

नाकवाल्याचा चेहरा पडला. "आता घरात कोण आहे?"

"त्याच. स्वयंपाकाला लागल्या असतील."

"फोन लावा. आधी फोन लावा."

तिनं लावला. फोन त्यानं तिच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतला. "आजी, काही पेटवू नका. दिव्याच्या बटणालाही हात नको. दार सताड उघडा आणि तशाच खाली जा."

आजींचा आवाज सगळ्या बाकाला ऐकू आला. "आज आला वाटतं वास तुम्हाला?"

"नाही, आजी. दोन महिने झाले, मला कसलाच वास येत नाही."

बोलून गेल्यावर त्याला भयंकर लाज वाटली. नोकरी गेली हेही कळलं. पलीकडे दार उघडल्याचा आवाज आला. बाईनं फोन घेतला आणि चप्पल नीट न घालताच पळाली.

चहावाला आता हसत नव्हता. नाकवाल्यानं कंपनीला कळवून टाकीमागे गाडी पाठवायला सांगितली. मग पिशवीतून तक्रारींची वही काढली. प्रत्येक पानावर पत्ता, फोन नंबर आणि खाली त्याच्याच अक्षरात: गळती नाही.

"दोन महिन्यांची सगळी?"

"सगळी."

"वाचा तुम्ही," चहावाल्यानं स्वतःचा फोन काढला. "मी लावतो."

दोन घरी सांगून झालं. तिसरा नंबर नाकवाला वाचेना, म्हणून चहावाला वहीत डोकावून स्वतःच लावू लागला. नाकवाल्यानं त्याचा हात धरला.

"तो नको. काल सकाळी स्फोट झाला तिथं. उचलायला कोणी राहिलं नाही."