हप्ता कोण भरणार?

पेपरात रोज यायचं, उदारीकरण आलं, आता स्वतःचे धंदे काढा. म्हणून भरद्वाज राव सरकारी नोकरीवर लाथ मारून तंजावूरात कॉन्ट्रॅक्टर झाले. गावभर लोकांची घरं बांधली आणि स्वतःच्या घरासाठी कर्ज मागायला गेले, तर बँकेचा मॅनेजर म्हणतो, "दोनच वर्षांचे हिशेब? उद्या कामं थांबली तर हप्ता कोण भरणार? पगाराचा दाखला आणा."

"मला पगार कोण देणार, माझं कपाळ?" कागद हिसकावून राव तणतणत बाहेर पडले. पायरीवरच त्यांचा सुपरवायझर गुरुमूर्ती मैसूरपाकाचा डबा घेऊन उभा.

"अण्णा, माझं घराचं कर्ज मंजूर झालं! तुम्ही दिलेला पगाराचा दाखला बघून मॅनेजर लगेच म्हणाले,


'एवढा भक्कम मालक असल्यावर हप्त्याची काळजी कसली?'"