सुरंगीचे वळेसर

सदूचा फोन आला तेव्हा भिकाजी शिडीवर होता. सुरंगीच्या फांद्या कळ्यांनी गच्च भरलेल्या, त्यात मधमाश्यांची घूं घूं, त्यामुळे पुतण्या पहिल्यांदा काय बोलला ते त्याला नीट कळलंच नाही. दुसऱ्यांदा कळलं. मुंबईच्या इस्पितळात कावीळ होऊन पडलेला भिकाजीचा एकुलता एक मुलगा, दर्शन, पहाटेच गेला होता.

भिकाजीनं फांदी घट्ट धरली. खाली त्याची बायको मथुरा कळ्यांची टोपली घेऊन उभी होती. तो दबक्या आवाजात एवढंच म्हणाला, की घेऊन ये त्याला, पण वाडीत कुणाला कळवू नको. आज आपल्याकडे पालखी आहे.

फाल्गुन सरत आला होता. पांगारा लालभडक झालेला, सावरीखाली फुलांचा सडा, आंब्याला सुपारीएवढ्या कैऱ्या धरलेल्या. कुणाच्या घरात काय चाललंय याची झाडांना कधी पर्वा असते? सुरंगी तर यंदा अशी फुलली होती, की बघणाऱ्याची दृष्ट लागावी. पोरगा आजारी पडला तेव्हाच मथुरेनं नवस बोलला होता. यंदा या झाडाची एक कळी डोक्यात माळणार नाही, कुणाला देणार नाही. सगळ्या कळ्या ओवून त्यांचे वळेसर देवीच्या पालखीला. माझा दर्शन तेवढा उठून बसू दे.

आता सुतकाचं असं आहे, की निदान या गावात तरी ते ऐकल्यावर लागतं. माणूस मुंबईला जातो, आणि बातमी येईपर्यंत त्याच्या घरचे इथं जेवतात, हसतात, देवाला फूल वाहतात. त्याचा दोष कुणी धरत नाही. कानावर पडलं की मात्र संपलं. मग पालखी त्या घरच्या अंगणात येत नाही, बांधावरूनच पुढं जाते आणि त्या हातचं फूल देवीला चालत नाही. आपल्या कानावर पडलं ते पडलं, भिकाजीला वाटलं, तिच्या नको. नवसाचा आता उपयोग काय, हे न कळायला तो काही दूधखुळा नव्हता. पण मथुरेच्या हातातून ती फुलं काढून घ्यायची त्याची छाती झाली नाही.

तो खाली उतरला. मथुरेनं टोपली पुढं केली, तसा तो दोन पावलं मागं सरला. पुरे झाल्या कळ्या, म्हणाला.

"सदूचा ना फोन?" मथुरेनं विचारलं.

"हां."

"काय म्हणतो?"

"तसाच आहे म्हणाला."

मथुरेनं घटकाभर त्याच्याकडे पाहिलं. मग टोपली उचलून ती ओटीवर बसली आणि सुईत दोरा घातला. सुरंगीची कळी मिटलेली असते तोवरच ओवायची; ऊन चढलं की ती फुलते आणि मग सगळं हातातून जातं. मथुरा मान वर न करता ओवत राहिली. घरभर वास सुटला. भिकाजी गोठ्यामागं गेला, खांद्यावरचा पंचा तोंडात कोंबला आणि पोटभर रडला. मग विहिरीवर तोंड धुऊन परत आला.

ढोल वाजवीत पालखी अंगणात आली. दर वर्षी आपल्या दारात पहिला खांदा भिकाजीचा. पोरगा पुढं, बाप मागं, दोघं पालखी अशी नाचवायचे की बघत राहावं. आज मात्र कंबर धरल्याचं सांगून तो विहिरीपाशीच उभा राहिला. पोरांनी थट्टा केली, काका म्हातारा झाला म्हणाली. त्यानं हसल्यासारखं केलं. मथुरेनं एकदा विहिरीकडे पाहिलं, पदर सावरला आणि वळेसरांचं ताट घेऊन ती पुढं झाली.

एकेक वळेसर तिनं पालखीला बांधला. अर्ध्या कळ्या दोऱ्यावरच फुलायला लागल्या होत्या. तिनं खणानारळानं देवीची ओटी भरली. जानू गुरवानं विचारलं, गाऱ्हाणं काय घालू?

"पोराला बरं वाटू दे, असं घाल," मथुरा म्हणाली. आवाज अगदी खणखणीत होता.

जानूनं हात जोडले. "आई, तुझं हे लेकरू मुंबईस आजारी पडलंय. त्याची पीडा दूर कर, त्याला पायांवर उभा कर, नि पुढल्या शिमग्याला तुझी पालखी नाचवायला घरी आण!"

"व्हय महाराजा!" सगळी वाडी एका आवाजात म्हणाली. भिकाजीला ओठ मिटून उभं राहायचं होतं. पण त्याच्या तोंडूनही ते निघालं, आणि सगळ्यांच्या मागून, एकट्याचंच ऐकू आलं.

पालखी बांध चढून शेजारच्या घराकडे गेली. ढोलाचा आवाज वळणापलीकडे जाईपर्यंत मथुरा हात जोडून अंगणात उभी होती. मग ती विहिरीपाशी आली आणि नवऱ्याशेजारी कठड्याला टेकून खाली बसली. तिच्या बोटांना अजून पिवळे पराग चिकटलेले होते.

"आता सांगा," ती म्हणाली. "सदू कधी पोचतोय त्याला घेऊन?"