सिग्नलच्या रेघा

"वहिनी, लॅपटॉपच्या आत जे लिनक्सचं मशीन आहे ना, म्हणजे नुसत्या सॉफ्टवेअरने बनवलेला आतला दुसरा कॉम्प्युटर, त्याचं नेट रणधीरने काढून ठेवलंय. आणि बाहेरचं वाय-फाय त्याला दिसत नाही. पोटातलं पोर असतं तसं आहे ते," माझ्या लेकाचा, रणधीरचा मित्र सूनबाईला फोनवर सांगत होता. "यूएसबीचं वाय-फाय लावा आणि ते आतल्या मशीनला देऊन टाका."

रणधीरला जाऊन सात महिने झाले होते. त्याचे सगळे फोटो नेटवर होते आणि त्याचा पासवर्ड फक्त त्या मशीनला ठाऊक होता. दोन वर्षांची नात बापाचा चेहरा विसरत चालली होती, म्हणून सूनबाईने हा खटाटोप मांडला होता.

तिने बोटाएवढं यंत्र खोचलं. दिवा लुकलुकला. मशीनने आपण होऊन एक ओळखीचं नेटवर्क पकडलं.

"रणधीरचा फोन," तिने नेटवर्कचं नाव वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. "आई, यांचा फोन तर तुम्ही चितेवर ठेवला होता."

ठेवला होता खरा. उशाशी फोन नसला की त्याला झोप येत नसे.

एकेक फोटो उतरू लागला. नेटवर्कच्या नावापुढे सिग्नलची एकच रेघ होती. मग दोन झाल्या, मग तीन.

"फोन जवळ येतोय, आई. काढू का हे?"

"काढलंस तर फोटो थांबतील."

चौथी रेघ भरली. जिन्यात पावलांचा आवाज नव्हता. मी नातीला तिच्या मांडीवर दिलं आणि दाराची कडी काढायला उठले.