सर्व सोयींनी युक्त घर

बाबांनी घरात पाऊल टाकलं आणि आधी नळ सोडला. पाणीपुरवठा खात्यात पर्यवेक्षक म्हणून त्यांची हयात गेली होती. नळ सोडून पाहिल्याशिवाय त्यांना घर कळत नसे. पाणी धो धो आलं आणि बघता बघता गरमही झालं. त्यांनी खुशीत मान डोलावली.

"सगळी सोय आहे, बाबा," मुलगा बॅगा आत घेत म्हणाला. "फक्त स्वयंपाक आपला आपण करायचा. इकडे खेड्यात सुट्टीला येणारे लोक असंच घर घेतात."

विमानतळावरून त्यानं दोघांना थेट इथंच आणलं होतं. चहूबाजूंनी शेतं, आणि हाकेच्या अंतरावर घरमालकिणीचं घर. बाकी चिटपाखरू नाही. शहरातल्या त्याच्या घरी रंगकाम निघालं होतं. वासानं बाबांना दम लागेल, म्हणून चार दिवस इथं, मग घरी, असं त्यानं गाडीत सांगितलं.

तो गेल्यावर बाबांनी एकेक कपाट उघडून पाहिलं. खोल पातेली, त्यांच्या मापाची झाकणं, धार असलेली सुरी, चहाची किटली. चादरींच्या घड्या. शेकोटीशेजारी रचलेली वाळकी लाकडं. विजेच्या शेगडीची आईला धास्ती, म्हणून गॅस. बाबांचा गुडघा दुखरा, म्हणून न्हाणीघरात धरायला दांडा.

"बघ, पोरगं किती बारकाईनं बघतं," बाबा म्हणाले. "बापावर गेलंय."

आई मीठ शोधत राहिली.

मुलाचं लग्न बाबांच्या मनाविरुद्ध झालं होतं. सुनेला त्यांनी एकदाच पाहिलं होतं, तेही फाटकाशी, उभ्या उभ्या. मग नात झाली. फोनवर तिचं बोबडं बोलणं ऐकून बाबा हळूहळू विरघळले. झालं गेलं गंगेला मिळालं, असं तेच हल्ली चारचौघांत सांगत. मुलानं परदेशातून तिकिटं पाठवली तेव्हा त्यांनी गल्लीभर पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते. नातीसाठी त्यांनी स्वतः दुकानात जाऊन फ्रॉक घेतला. तो बॅगेत सगळ्यात वर ठेवला होता.

चार दिवस गेले. आणखी चार गेले. मुलगा रोज फोन करायचा. हीटर चालतो ना, दूध संपलं का, पांघरूण पुरतं का. रविवारी तो पिशव्या भरून भाजी घेऊन आला, पण एकटाच. पोरीला सर्दी झाली होती.

"रंग कशाला देताय रे, राजवाड्याला?" बाबांनी विचारलं.

तो कसनुसा हसला. त्यानं फ्रॉक नेतो म्हटलं, तर बाबांनी दिला नाही. "राहू दे. मीच माझ्या हातानं घालीन तिला."

मंगळवारी दुपारी घरमालकीण अंडी आणि धुतलेले टॉवेल घेऊन आली. बाबांना कामापुरतं इंग्रजी येत होतं. टॉवेल नकोत, ते म्हणाले, आम्ही या आठवड्यात मुलाच्या घरी जाणार.

बाई गोंधळली. घर तर तुमच्या परतीच्या विमानापर्यंत घेतलंय, ती म्हणाली. उन्हाळ्याआधीच ठरवून ठेवलं होतं त्यानं. त्या दिवशी विमानतळावर सोडायला गाडीही मीच सांगितली आहे. ती हे सगळं आनंदानं सांगत होती. आपल्या पाहुण्यांची किती चोख व्यवस्था आहे, हे त्यांना कळावं म्हणून.

"काय म्हणाली?" आईनं आतून विचारलं. ती बटाटे सोलत होती.

"काही नाही. अंडी किती हवीत, विचारत होती."

बाबा बाहेर बाकावर जाऊन बसले. घर उन्हाळ्याआधीच ठरवलेलं, मग कुठला रंग आणि कुठलं काय. आईला हे सांगायचं नाही, त्यांनी ठरवलं. तिचा जीव तुटेल. पोराला खडसावावं, उद्याच परतीचं तिकीट काढायला लावावं, असं सगळं मनात येऊन गेलं. चहाचा कप हातात तसाच गार झाला. शेवटी त्यांना राहवलं नाही. ते आत आले.

"अगं, रंगबिंग काही नाही तिकडे. तो आपल्याला घरी नेणारच नाहीये."

"माहीत आहे," आई म्हणाली.

तिचे हात चालूच होते.

"तिकिटं काढायच्या आधीच त्यानं मला सांगितलं. सून तयार नाही म्हणाला. मी म्हटलं, घरी नको नेऊस. कुठंही ठेव, पण बोलाव."

"आणि तू हे माझ्यापासून लपवलंस?"

"कळलं असतं तर तुम्ही आला नसतात. आणि मला माझा मुलगा बघायचा होता."

बाबांचा आवाज चढला आणि मधेच चिरकला. "सख्ख्या आई-बापाला कुणी असं परक्यासारखं बाहेर उतरवतं?"

आईनं सुरी खाली ठेवली.

"लग्न करून दोघं आली होती, तेव्हा तुम्ही फाटकातूनच त्यांना मागच्या गल्लीतल्या लॉजवर पाठवलंत. तुम्ही झोपलात तशी मी डबा घेऊन गेले. त्या खोलीत हात पुसायला फडकं नव्हतं. जेवून तिनं माझ्या पदराला हात पुसले आणि ठाऊक असून विचारलं, आई, तुमचं घर इथून फार लांब आहे का?"

बाबांनी गार चहाचा कप ओट्यावर ठेवला.

"मी हो म्हटलं."