कडेचा घास

भीमाबाई गेल्याचं दिवस उगवायच्या आत सगळ्या वस्तीला कळलं. नगरला मात्र ते कळू द्यायचं नाही, असं सूर्यभाननं तिरडी बांधायच्या आधीच ठरवलं.

तीन दिवसांच्या तापात बायको गेली होती. एकुलता पोरगा असताना अग्नी नवऱ्यानं का द्यावा, असं भावकी विचारत होती. शाळेचे मास्तर विष्णुपंत कर्जतला जाऊन तार करतो म्हणाले. सूर्यभाननं सगळ्यांचं ऐकून घेतलं.

"मास्तर, दिवाळीत त्यो हिरीच्या काठावर बसला हुता," तो म्हणाला. "तवा मनगट धरायला त्याची आई हुती. आता तिथं कोन हाय?"

विष्णुपंतांनी कर्जतला जायचा बेत सोडला.

सूर्यभानचा पोरगा गहिनीनाथ हा घराण्यात कॉलेजात गेलेला पहिला. नगरला कॉलेज निघून दुसरंच वर्ष होतं. दिवाळीला तो ट्रंक घेऊनच परत आला. डोक्यावर टोपी नाही, लांब केसांचा भांग पाडलेला, आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. वर्गात बोलायला उभा राहिला की पोरं त्याच्या बोलण्याला हसत. ताटावर बसला की घरी आज चूल पेटली असेल का, या विचारानं त्याला जेवण जात नसे. इथं आला, तर बरोबरीचे गडी त्याला पाहुण्यासारखं लांबून बघत.

त्या संध्याकाळी भीमाबाईनं त्याला विहिरीवरून उठवून आणलं. रागावली नाही. त्याच्या केसांना तेल चोळत म्हणाली, "आठवड्यातनं दोनदा नगरला जानाऱ्या बन्सीच्या मोटारीनं भाकरी धाडीन. परत्येक भाकरीचा कडेचा घास आधी मी खाईन. भाकर मोडलेली दिसली की समजायचं, आई जेवली. मग तू जेवायचं."

ती तसंच करत आली. भाकरी बांधताना एकेकीची कड दातानं तोडायची आणि चावता चावता फडक्याला गाठ मारायची. बोर्डिंगातली पोरं उंदरानं खाल्लेली भाकरी म्हणून चिडवत, पण गहिनीनाथ जेवू लागला होता.

आता परीक्षेला दीड महिना उरला होता. तोवर भाकरी जायला हवी होती.

तिसऱ्या दिवशी पहाटे सूर्यभान चुलीपुढं बसला. सुतकात चूल पेटवू नये, म्हणून भावजय बायडाबाई आडवी आली. पण तो उठेना, तेव्हा तीच शेजारी बसून पीठ मळायला शिकवू लागली. पहिली भाकरी तव्यावर पडली तशी ती म्हणाली, "भावजी, ही भाकर हाय का मोटंचं चामडं?" आणि पदर डोळ्याला लावला.

सहा भाकरी झाल्या. आपलं उष्टं पोराला कसं द्यायचं, म्हणून त्यानं कडा बोटांनीच तोडल्या आणि ते तुकडे गाईला घातले. त्याच्या स्वतःच्या घशाखाली तीन दिवस काही उतरलं नव्हतं. फाट्यावर बन्सीच्या हातात फडकं देताना त्यानं तोंड बंद ठेवायची शपथ घातली. बन्सीनं मान हलवली.

चार दिवसांनी पत्र आलं. विष्णुपंतांनी ओट्यावर बसून वाचून दाखवलं. गहिनीनाथनं खुशाली कळवली होती. 'आईचा दात हलत होता. यापुढं कडेचा घास आबांनी खावा. भाकरी मोडून नुसती पाठवू नये, खाऊन पाठवावी. आणि पत्राचं उत्तर मास्तरांच्या ओट्यावर बसून दर आठवड्याला लिहवून घ्यावं.'

सूर्यभानला हायसं वाटलं. देवानंच वाट काढली म्हणाला. त्या आठवड्यापासून प्रत्येक भाकरीचा एक घास तो खाऊ लागला. आधी पाण्याबरोबर, मग ठेच्याबरोबर. पुढं सहाच्या जागी सात भाकरी होऊ लागल्या.

पहाटेच्या धुरात त्याला भीमाबाई समोर बसल्यासारखी वाटे. काटवटीत पीठ मळताना हात त्याचे राहत नसत. तव्यावर भाकरी फुगली की ती हसल्यासारखी वाटे, आणि उजाडलं की चुलीपुढं तो एकटाच असे.

पत्रं वाढत गेली. आबांना झोप लागते का, ओट्यावर कोण कोण येतं, बैलांना नवी झूल केली का, असं तो विचारी. नगरला ऊन फार, म्हणून आता टोपी घालतो, हे आईला सांगा, असंही एकात होतं. विष्णुपंत उत्तरात आईचे आशीर्वाद लिहीत, आणि तिथं आले की त्यांचा टाक अडखळे.

"पोरगं सावरलं, मास्तर," सूर्यभान म्हणे.

शेवटचा पेपर झाला त्या दिवशी तो बन्सीच्या शेजारी बसून नगरला निघाला. काय बोलायचं ते त्यानं चार दिवस घोकलं होतं. बन्सीनं रस्ताभर त्याच्या नजरेला नजर दिली नाही.

बोर्डिंगच्या दारात गहिनीनाथ उभा होता. कानापर्यंत ओढलेली टोपी, वाळलेला, पण नजर स्थिर. घोकलेलं सगळं सूर्यभान विसरला.

"गहिनी, तुझी आई..."

"जेवलात का आबा?" पोरानं विचारलं, आणि पाया पडायला वाकला.

टोपी खाली पडली. भांग नव्हता, केस नव्हते. दहाव्याला नदीवर उतरवलेले केस सव्वा महिन्यात येतात तेवढेच, बोटाच्या पेराएवढे, सगळीकडं सारखे उगवले होते. सूर्यभाननं टोपी उचलली, धूळ झटकली आणि हातातच धरून ठेवली. दोघांनी मिळून रडायचं तेवढं राहिलं होतं.